उजाडताना गेले

माझ्या कामात लोक मला पुन्हा पुन्हा एकच प्रश्न विचारतात, आणि त्याचं त्यांना हवं तसं उत्तर मी आजवर कुणाला दिलेलं नाही. पारनेर तालुक्यातल्या एका सरकारी रुग्णालयात मी डॉक्टर आहे. ताप, खोकला, बाळंतपणं, विंचू, साप हे रोजचंच. त्यातच कुणी विहिरीत सापडतं, कुणी बांधावर, कुणी बंद घरात, आणि मग शवविच्छेदनही मलाच करावं लागतं. बाहेर लिंबाखाली नातेवाईक बसलेले असतात, हवालदार मोबाईलवर बोलत फेऱ्या मारत असतो. मी हात धुऊन बाहेर आले की सगळे उठतात आणि विचारतात, नक्की किती वाजता गेला? मी सांगते, काल संध्याकाळनंतर आणि मध्यरात्रीच्या आधी केव्हातरी. हवालदाराचं तोंड वाकडं होतं. त्याला कागदावर लिहायला एक आकडा हवा असतो आणि मी त्याला अख्खी संध्याकाळ देते. 'म्याडम केव्हातरी' असं माझं नाव पोलीस स्टेशनात पडलेलं आहे, हे मला कंपाउंडरनं हसत हसत सांगितलं होतं.

पण माझा नाइलाज असतो. माणूस गेला की अंग हळूहळू गार पडतं. मग ताठायला लागतं, आणि सगळं एकदम ताठत नाही. आधी जबडा आणि मान, मग हात, सगळ्यात शेवटी पाय. रक्त खालच्या बाजूला उतरतं. माणूस उताणा असेल तर पाठीवर जांभळट डाग दिसतात. सुरुवातीचे काही तास त्यावर बोट दाबलं तर तिथे फिकट पडतं, नंतर पडत नाही. एवढ्या खुणा जुळवून अंदाज बांधायचा. त्यातही थंडी, ऊन, अंगावरची गोधडी, माणसाचा आजार, त्याचं मांस-चरबी, सगळे आपापला हात फिरवून जातात. त्यामुळे जो डॉक्टर छातीठोकपणे मिनिटं सांगतो त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही, आणि मी स्वतः तसं कधी करायचं नाही हे नोकरीच्या पहिल्या वर्षीच ठरवून टाकलं होतं.

पोलिसांच्या कागदाखेरीज दुसऱ्याही एका कारणासाठी लोक वेळ विचारतात. एकदा एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा भाऊ रानात वारला होता. हा म्हातारा टोपी हातात घेऊन माझ्यामागे खोलीपर्यंत आला आणि म्हणाला, "बाई, मला निस्तं येवढंच सांगा, दिवस मावळायच्या आत गेला का मागनं? पंचक लागल्यालं हुतं का न्हाई तेवढं कळू द्या. घरात लई लेकरं हायेत."

त्याला मी जे उत्तर दिलं ते फार गोड नव्हतं. मला अंदाज सांगता येतो, मुहूर्त सांगता येत नाही, असं काहीतरी बोलले. दिवसभराचा शीण होता आणि मला या असल्या गोष्टींचा मुळातच राग येतो. चंद्र ओळीनं शेवटच्या पाच नक्षत्रांतून जातो ते दिवस म्हणजे पंचक. त्यात कुणी गेलं तर जाणारा आणखी पाच जणांना घेऊन जातो म्हणतात. त्यावर उपाय म्हणून कणकेचे नाहीतर दर्भाचे पाच पुतळे करून प्रेताबरोबर जाळतात. हे सगळं मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आमचं घराणंच भिक्षुकीचं. आजोबांपर्यंत पोथी होती, मग बाबा गणिताचे शिक्षक झाले आणि काका जिल्हा परिषदेत चिकटले. काकांनी नोकरी करता करता पंचांग सोडलं नाही. नात्यातल्या कुणाचंही काही असलं, लग्न असो की दहावा, फोन आधी काकांना जातो.

बाबा गेले ते जानेवारीत, केडगावच्या घरी. चार वर्षं त्यांना कंपवात होता. आधी हात थरथरायचे, मग अंग आखडत गेलं. शेवटी शेवटी कूस बदलायलाही माणूस लागायचं. ज्या माणसानं फळ्यावर हातानं गोल काढला तर कंपासनं काढल्यासारखा यायचा, त्याला कप धरता येईना. आई त्यांच्या गळ्याशी नॅपकिन लावून चमच्यानं चहा पाजायची. तिनं रात्रीची बाई ठेवू दिली नाही. मी पुष्कळ भांडले. दोघांच्या खाटा शेजारी शेजारी होत्या आणि रात्रीतून आठ-दहा वेळा बाबा 'अगं' म्हणून हाक मारायचे. दादा आणि वहिनी वरच्या मजल्यावर असायचे.

त्या दिवशी सकाळी दादाचा फोन आला. बाबा गेले म्हणाला. नुकतेच गेले, आईबरोबर चहा घेतला आणि उशीला टेकले ते गेलेच. मी गाडी काढली. सुप्यावरून पुणे रस्त्याला लागेपर्यंत मी रडत होते, पण त्या रडण्यात एक समाधानही होतं हे कबूल करायला हवं. इतकी वर्षं मी माणसं कशी कशी मरतात ते पाहत आले आहे. आपला बाप उजाडताना बायकोच्या हातचा चहा पिऊन गेला, आणखी काय मागायचं, असं मी मनाशी म्हणत होते.

घरी पोचले तेव्हा ऊन अंगणात आलं होतं. वहिनी दाराजवळच्या खुर्चीत बसली होती. तिला सातवा महिना होता, पायांना सूज होती. याआधी दोनदा तिचा गर्भपात झाला होता, त्यामुळे या खेपेला तिला कुणी पाटावरूनसुद्धा उठू देत नव्हतं. तिनं माझा हात धरला आणि आत जा म्हणाली. बाबा खाटेवर उताणे होते. अंगावर चौकड्याचं ब्लँकेट गळ्यापर्यंत ओढलेलं होतं. मी त्यांच्या उशाशी बसले आणि गालाला हात लावला, आणि तो हात सवयीनं खाली हनुवटीकडे गेला.

जबडा घट्ट बसला होता.

मी मुलगी म्हणून हात लावला होता, हे मला आजही कुणाला तरी सांगावंसं वाटतं. पण पुढचं जे केलं ते मुलगी म्हणून नव्हे. खोलीत तेव्हा दुसरं कुणी नव्हतं. मान हलेना. कोपर दुमडेना. गुडघे मात्र अजून सैल होते. खांद्याखाली हात घालून त्यांना थोडं कुशीवर केलं, बंडी वर सारली. पाठीवर डाग उतरले होते. अंगठा दाबला तर तिथे फिकट पडलं आणि सावकाश पुन्हा रंग भरला. उजाडताना गेलेल्या माणसाचं अंग इतक्यात असं होत नाही. बाबांना जाऊन बरेच तास झाले होते. रात्र अर्धी उलटल्यानंतर, आणि कोंबडं आरवायच्या पुष्कळ आधी. एवढं मला कोर्टात उभं राहून सांगता आलं असतं.

बाबांना पुन्हा उताणं केलं आणि मागे वळले तर दारात आई उभी होती. ती माझ्या हातांकडे पाहत होती.

स्टुलावर दोन कप होते, दोन्ही रिकामे. नॅपकिन खुर्चीच्या पाठीवर घडी घातलेला होता, कोरडा. चमचा कुठेच दिसला नाही. आई म्हणाली, सूर्य उगवल्यावर गेले, चहा घेतला माझ्याबरोबर. हे तिनं मला सांगितलं खरं, पण ते पाठ केल्यासारखं आलं. आमची आई एरवी एक गोष्ट दोनदा सांगताना दोन वेगळ्या तऱ्हांनी सांगते. मी तिच्यामागे स्वयंपाकघरात गेले. फ्रिजशेजारी भिंतीवर कॅलेंडर होतं. मी त्या दिवसाच्या चौकोनात पाहिलं. बारीक अक्षरात छापलं होतं, पंचक समाप्ती, आणि वेळ सूर्योदयाच्या थोडी आधीची.

मी हळूच विचारलं, "आई, खरं काय?"

तिनं बाहेरच्या खुर्चीकडे पाहिलं. "सातवा लागलाय तिला," ती म्हणाली. एवढंच म्हणाली आणि कप विसळायला घेतले.

आईला पुढे काही सांगावं लागलं नाही, कारण उरलेलं मी लहानपणापासून ऐकलेलं होतं. तिच्या माहेरी, कोपरगावला, तिचे आजोबा पंचकात गेले होते. पुतळे रीतसर करून जाळले, शांती केली, ब्राह्मणांचंच घर ते, कशात कसूर ठेवली नाही. तरी लोक मोजायचे थांबले नाहीत. वर्षाच्या आत कुणी लांबचा चुलता गेला, तो पहिला. मग आईच्या काकूचं दिवस भरत आलेलं मूल पोटातच गेलं. घरात कुणीतरी, चुलीपाशी बसून, अगदी सहज, म्हणालं की दुसरा. ती काकू वीस वर्षांची होती. आई म्हणायची, मूल गेल्याचं तिनं सोसलं असतं, पण त्याला नंबर दिला ते तिला सोसलं नाही. त्यानंतर घरात कुणाला साधा ताप आला तरी ती खोलीचं दार लावून बसायची. आई तेव्हा सात-आठ वर्षांची असेल. काकूला जेवणाचं ताट नेऊन द्यायचं काम तिच्याकडे होतं.

तेव्हा आईनं काय केलं ते मला सरळ दिसलं. पहाटे तिला जाग आली, तिनं बाबांना हात लावला, तो गार लागला. मग ती उठून कॅलेंडरपाशी गेली. पंचक सुटायची वाट पाहत ती त्यांच्याजवळ बसून राहिली. उजाडल्यावर तिनं गॅस पेटवला, दोन कप चहा केला, दोन्ही प्यायली, आणि मग जिन्यापाशी जाऊन दादाला हाक मारली. बाबांचा चहा बिनसाखरेचा असायचा. आईला तो घशाखाली उतरत नसे.

मी चिडले का, तर हो, क्षणभर चिडले. या पंचकाच्या खुळापायी माझ्या आईला नवऱ्याच्या मढ्याशेजारी बसून घड्याळ बघावं लागलं, याचा मला संताप आला. पण तो कुणावर काढणार? तिच्यावर तर नाहीच.

तेवढ्यात काका आले. बाबांपेक्षा दोन वर्षांनी धाकटे, काटक, पांढरंशुभ्र धोतर. त्यांनी घरातल्या देवातून गंगेचा गडू आणला होता, तुळशीची पानं रुमालात बांधलेली होती. दादाला जवळ घेतलं, आईला नमस्कार केला आणि बाबांच्या उशाशी बसले. गेलेल्याच्या मुखात गंगाजळ आणि तुळस घालायची, ते त्यांनी नात्यातल्या किती जणांना घातलं असेल. त्यांनी दोन बोटांनी बाबांचे ओठ उघडले आणि हनुवटी खाली ओढली. ती हलली नाही. पुन्हा ओढली. पळीतलं पाणी दातांवरून गालावर आणि तिथून उशीवर ओघळलं. काकांनी पळी गडूत ठेवली. तुळशीचं पान ओठांवरच ठेवून दिलं. मग त्यांनी मान वर केली आणि खोलीत पाच-सहा माणसं असताना माझ्याकडे पाहिलं.

मला त्यांनी व्हरांड्यात नेलं. आई मागून आली आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. तिला जा म्हणायची काकांची हिंमत झाली नाही.

काका म्हणाले की वहिनींना, म्हणजे माझ्या आईला, दुःखात वेळेचं भान राहिलं नसेल, त्यात काही वावगं नाही. पण मगाशी गेलेल्या माणसाची अशी दातखीळ बसत नाही, हे त्यांनी पाहिलेलं आहे. रात्री गेला असेल तर पंचक आहे. आणि पंचक असेल तर कणकेचे पाच पुतळे, अर्ध्या तासाचं काम, त्यात कुणाचं काही जात नाही. न केलं तर मात्र उगाच जिवाला घोर. त्यांच्या मुलाच्या हृदयाचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले होते. ते बोलताना त्यांचा आवाज कापला तेव्हा मला कळलं की त्यांचंही भय खरंच आहे. ते आमच्या वाईटावर नव्हते. त्यांना आपला मुलगा वाचवायचा होता आणि आईला आपली सून.

"तू डॉक्टर आहेस," काका म्हणाले. "तू हात लावून पाहिलं असशीलच. तू सांग."

मी हवालदारांना, सरपंचांना, एकदा तर वकिलालाही भर कोर्टात 'केव्हातरी' असंच सांगितलं होतं. तसं काकांना सांगता आलं असतं. पण त्यांना तेवढं पुरे झालं असतं, केव्हातरी म्हणजे पंचकातही. लगेच कणीक भिजली असती. आणि दारातल्या खुर्चीत बसून वहिनीनं ते पाच पुतळे परातीतून बाहेर जाताना पाहिले असते.

"काका, कंपवाताच्या माणसाचं असंच होतं," मी म्हणाले. "त्यांचं अंग जिवंतपणीच आखडलेलं होतं. रात्रभर थंडी होती. जबडा लगेच बसतो. आईनं सांगितली तीच वेळ बरोबर आहे, उजाडतानाच गेले."

यातला शब्द न् शब्द खोटा होता. कंपवाताचा ताठरपणा माणूस गेला की निघून जातो, सगळं अंग आधी सैल पडतं आणि मग नव्यानं ताठतं, आणि थंडीत तर ते उलट उशिरा ताठतं. हे काकांना माहीत असायचं काही कारण नव्हतं. साक्ष देताना मी जसं बोलते तसंच बोलले, सावकाश, समोरच्याच्या डोळ्यांत बघून, आवाज न चढवता. काकांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि तिरडीचं सामान आलं का ते बघायला गेले. पुतळे झाले नाहीत.

अंघोळ घालताना दादानं पाठीवरचे डाग पाहिले आणि हे काय म्हणून मला विचारलं. मी म्हटलं, पडून पडून येतात. दुपारच्या आत सगळं आटोपलं.

त्यानंतरचे महिने मी कसे काढले ते सांगते. पंचकावर माझा काडीचा विश्वास नाही. तरी मी वहिनीला रोज फोन करायचे. आज बाळ हललं का, पाय सुजलेत का, डोकं दुखतंय का. तिला वाटायचं, नणंद डॉक्टर आहे म्हणून काळजी घेते. काकांच्या मुलाचा रिपोर्टही मी मागवून घेतला आणि दोनदा वाचला. माझ्याच खोट्यानं मला पुरतं कामाला लावलं होतं. पुढे वहिनीला मुलगी झाली, व्यवस्थित, खणखणीत रडणारी. काकाच पहिल्यांदा पेढे घेऊन आले. आईनं नातीला मांडीवर घेतलं आणि मी माझ्या मनात म्हटलं की झालं, मिटलं. त्या जानेवारीबद्दल माझ्यात आणि तिच्यात एक अक्षरही बोलणं झालेलं नव्हतं, आणि आता ते कधी व्हायची गरज नाही असं मी धरून चालले होते.

दिवाळी झाल्यावर एका रविवारी मी केडगावला गेले होते. दुपारची वेळ. वहिनी बाळाला घेऊन वर झोपली होती. आई आणि मी मागच्या पायरीवर गवारीच्या शेंगा मोडत बसलो होतो. बाबांची खाट काढून टाकल्यापासून आई दुपारची आडवी होत नाही. तिनं काही बोलायचं ठरवलं असावं, कारण शेंगा मोडता मोडता तिचे हात दोनदा थांबले.

मग ती सांगू लागली. त्या रात्री दहाच्या सुमारास दादानं खाली येऊन गेटला कुलूप लावलं, तो आवाज तिनं ऐकला होता. त्यानंतर थोड्याच वेळात बाबांनी हाक मारली. नेहमीसारखं 'अगं'. ती दिवसभराची दमलेली होती. थांबा जरा, असं ती म्हणाली आणि तिचा डोळा लागला. एरवी ती उठली नाही तर बाबा पुन्हा हाक मारायचे, पुन्हा मारायचे, तिला राग येईपर्यंत मारायचे. त्या रात्री त्यांनी पुन्हा हाक मारली नाही. तिला जाग आली ती एकदम पहाटे. हात लावला तर लाकडाचा हात.

"तू पाहिलंस त्यांना," आई म्हणाली. "मी दारातून बघत होते. तुला कळलं असणार. मी थांबा म्हटलं, तेव्हाच गेले का ते?"

इतके महिने ती हे घेऊन वावरत होती. बारशाला, पेढ्यांना, रोज सकाळी एकटीचा चहा करताना. आणि मला वाटलं होतं की मिटलं. पण मला मनापासून हायसं वाटलं, कारण या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं, आणि ते चांगलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला तो प्रश्न असा विचारत होतं की त्याला मी केव्हातरी न म्हणता उत्तर देऊ शकत होते.

मी शेंगा खाली ठेवल्या आणि तिला सगळं सांगितलं. सकाळी मी आले तेव्हा बाबांचे गुडघे अजून सैल होते. दादानं गेट लावलं त्या सुमारास ते गेले असते तर पायही ताठले असते. पाठीवरचे डाग दाबल्यावर फिकट पडत होते, ते एवढ्या वेळानं पडले नसते. तू थांबा म्हणालीस त्यानंतर कितीतरी वेळ ते होते, आई. त्यांनी पुन्हा हाक मारली नाही, कारण त्यांनाही झोप लागली. अर्धी रात्र उलटून गेल्यावर झोपेतच गेले. तुझ्या हातून काही चुकलेलं नाही. मी तिच्या डोळ्यांत बघून, सावकाश, आवाज न चढवता सांगितलं. यातला शब्द न् शब्द खरा होता.

आईनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"काकांशी बोललीस तेव्हा मी दारातच होते," ती म्हणाली. "अगदी अशीच बोलली होतीस."

मी म्हटलं, ते वेगळं होतं. तेव्हा वहिनीसाठी बोलले. हे खरं आहे, शपथ घेते, तुझी घेते, बाळाची घेते. मी त्या गुडघ्यांचं पुन्हा सांगायला लागले. पाठीचं सांगितलं. माझ्याच कानांना ते काकांना सांगितलेल्या थंडीसारखं आणि कंपवातासारखं वाटायला लागलं.

"असू दे," आई म्हणाली. "माझ्यासाठीच बोलतेस. ऐकून बरं वाटलं."

तिनं परात जवळ ओढली आणि उरलेल्या शेंगा एकटीनं मोडायला घेतल्या.